मधातली पूड

११ जानेवारी

आज परत आला झटका. दुकानातच!

मी पडद्याच्या खालच्या काठाला टीप मारत होते. खारू ताग्यांच्या मागे बसून चिंध्यांना नावं ठेवत होती — म्हणजे खरीखुरी नावं. ही राणी, ही शेजारीण, ही शेजारणीची भांडकुदळ सून. एकटीच दोघींच्या आवाजात भांडत होती. आणि मधेच गप्प झाली. ती अशी गप्प झाली की मला कळतं. वळून पाहिलं तर डोळे वर, हातपाय ताठ, आणि मग ते हिसके.

गिऱ्हाईक बाई किंचाळली. मालकीणबाई नाही किंचाळल्या. त्यांनी हातातलं फेकलं, खारूला कुशीवर वळवलं, डोक्याखाली मखमलीचा तुकडा सरकवला. त्यांनाही आता सगळं येतं. कुणाला यायला नको ते सगळं.

शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "आई, मी पडले का गं?"

नाही म्हटलं.

"मग तू का रडतेस?"

१६ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवलं.

घरी आल्यावर खारूने पेला भिंतीवर भिरकावला. कारण? मी चहात साखर आधी घातली आणि दूध नंतर. माझी पोरगी! आठ वर्षांची, गालात खाऊ साठवते म्हणून बाबाने खारूताई नाव ठेवलेली, मुंगीलासुद्धा 'सरक गं' म्हणणारी. (बाबा म्हणजे तिचा बाबा. नवऱ्याला मीही आता बाबाच म्हणते, खारूमुळे तेच तोंडात बसलं.)

काचा गोळा करताना जवळ आली. "आई, मी नाही फेकला. माझ्यात कुणीतरी राग ओतलाय."

हे औषध सुरू झाल्यापासूनचं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं. "होतं असं काही मुलांत. अजून थोडे दिवस बघू, नाही तर दुसरं देऊ. पुष्कळ औषधं आहेत आपल्याकडे." चांगल्या आहेत बाई. पण त्यांचे थोडे दिवस आणि माझे थोडे दिवस सारखे नाहीत.

२ फेब्रुवारी

बाबा आज कामावरून आला तो शीळ घालतच. कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती.

एका इमारतीत लिफ्ट अडकली, दुरुस्तीला यालाच पाठवलं. आत एक म्हातारे आजोबा. बाबाने वरून उतरून दार उघडलं, त्यांना हात धरून बाहेर काढलं. आजोबांनी बळेच घरी नेलं, पाणी दिलं, घरी कोण कोण विचारलं. आणि बाबा — जो कुणाजवळ बोलत नाही — त्याने सगळं सांगून टाकलं. खारूचं. झटक्यांचं.

आजोबा म्हणाले, माझ्या नातीला हेच होतं. आता नाही.

कशाने? झाडपाल्याने. एक वैद्य आहेत लांब कुठेतरी, पार्सलने पूड पाठवतात. मुळं, पानं, साली. मधातून द्यायची.

मी म्हटलं, असल्या गोष्टींवर तुझा विश्वास नाही ना?

"नव्हता," म्हणाला. "पण ती नात सायकलवर बसून भाजी आणायला गेली माझ्यासमोर."

५ फेब्रुवारी

जाऊन आलो. नात खरीच आहे! पंधरा-सोळाची, उंच, केसांचा बॉब. आई-वडील नाहीत तिला, आजोबांनीच वाढवली. खारूला तिने सायकलची घंटी वाजवायला दिली आणि खारूने ती इतकी वाजवली की शेवटी आजोबांनीच कानावर हात ठेवले.

आजोबांनी डबा उघडून दाखवला. हिरवट, बारीक पूड. वास गवताचा. "यात औषध-बिवषध काही नाही हो, बाई. जमिनीतून उगवलेलं आहे सगळं. अपाय तर नाहीच." स्वतः चिमूटभर जिभेवर टाकली. एक पैसा घेतला नाही. म्हणाले, माझी पोर वाचली, दुसऱ्याची वाचावी.

असं बोलणाऱ्या माणसाला काय विचारायचं?

९ फेब्रुवारी

सुरू केली. डॉक्टरीणबाईंचं औषध आहेच, वर ही. बाबा म्हणाला, त्यांना आत्ताच नको सांगायला, रागावतील. मी हो म्हटलं. खारू मध चाटून म्हणाली, गवतवाली जेली!

१८ फेब्रुवारी

आज काही झालं नाही. काहीच नाही!

२६ फेब्रुवारी

आजही नाही. लिहायलाही भीती वाटते, दृष्ट लागेल.

३ मार्च

डॉक्टरीणबाईंचं ते रागाचं औषध हळूहळू कमी करत आज बंद केलं. आमच्या मनानेच. बाटली वरच्या फळीवर ठेवली, फेकवेना. पण माझी खारू परत आलीय! चिंध्यांच्या राणीचं लग्न लावलं आज. मालकीणबाईंना वरमाय केलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "पोर सुधारली गं!" आणि नाक पुसायला आत गेल्या.

बाबा तिला घेऊन गेला लिफ्टची मोटर दाखवायला. वर, गच्चीवरच्या खोलीत. आजवर कधी नेलं नव्हतं, उंचीवर झटका आला तर? आली ती तेलाने काळी झालेले हात नाचवत. "आई, लिफ्टला एक वजन असतं, आपण वर गेलो की ते खाली जातं! तुला माहीत होतं?"

नव्हतं गं माहीत.

१२ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. इतके दिवस झटका नाही म्हटल्यावर खुर्चीतच मागे टेकल्या. "वा! औषध लागू पडलं म्हणायचं." खारूला टाळी दिली.

मी मान हलवली. नुसती मान.

२७ मार्च

आजोबांकडून नवा डबा. यावेळी रंग गडद, जवळजवळ तपकिरी. बाबाने विचारलं तर म्हणाले, वैद्यांनी कळवलंय, या खेपेच्या मुळ्या जास्त कसदार आहेत.

४ एप्रिल

शाळेतून बाईंचा निरोप — वर्गात झोपते. बाकावर डोकं ठेवून. उठवलं तरी परत.

उन्हाळा आहे, थकली असेल.

७ एप्रिल

उन्हाळा नव्हे. चालताना भिंत धरते. "आई" म्हणते ते "आssई" असं ओढत येतं, जड जिभेने. चिंध्या तशाच पडून आहेत. झटका मात्र नाही! बाबा तेच धरून बसलाय — झटका तर नाही ना? मला तो शब्दच ऐकवेना. पोरगी अर्धी झोपेत आणि आम्ही झटका नाही म्हणून खूश व्हायचं?

उद्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगणार. बाबाला विचारणार नाही.

८ एप्रिल

सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी खारूच्या डोळ्यांत उजेड टाकला, रेषेवर चालवून पाहिलं. ती दोनदा कलंडली आणि तिचं तिलाच हसू आलं. मग डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. मी नेलेल्या डब्यातली थोडी पूड काढून घेतली.

"झाडपाल्याशी माझं वैर नाही हो," म्हणाल्या. "माझ्या कपाटातली कितीतरी औषधं झाडांतूनच आलीत. पण त्यात काय आहे, किती आहे, ते मला माहीत असतं. यात काय आहे ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. मुळांनी झटके असे पटकन थांबत नाहीत. मला शंका येतेय, यात कुणी काही मिसळलंय."

खारूला दवाखान्यात ठेवून घेते म्हणाल्या. खारू रडायला लागली — घरी चल, घरी चल. माझंही मन होईना. उद्या आणते म्हटलं.

दारापर्यंत आल्या. "रिपोर्ट येईपर्यंत काही बदलू नका. वाढवू नका, बंदही करू नका. उद्या नक्की आणा."

घरी आल्यावर बाबाला सांगितलं. मिसळलंय हा शब्द त्याने ऐकला आणि उठला. डबा उचलला. मोरीत ओतला सगळा, वर नळ सोडला. मी म्हटलं, अरे, बंद करू नका म्हणाल्यात त्या! तर म्हणाला, "विष थोडं थोडं कमी करत आणायचं का?"

मला पटलं. खरंच पटलं. तपकिरी पाणी गोल गोल फिरत गेलं आणि मला हायसं वाटलं.

१० एप्रिल

खारू जागी आहे! दिवसभर! जीभ सुटली, भिंत सोडली, शेजारणीच्या सुनेचं भांडण परत सुरू. दवाखान्यात नेलं नाही काल. आज फोन आला होता दवाखान्यातून, बाबाने सांगितलं, बरी आहे एकदम. पूड टाकून दिली हे नाही सांगितलं. कशाला सांगायचं, नाहीच आता ती घरात.

"बघितलंस?" म्हणाला. "विषच होतं."

१२ एप्रिल

१६ एप्रिल

त्या दिवशी तारीख टाकली आणि लिहू शकले नाही. आज लिहिते.

सकाळी वेणी घालत होते. एक झाली होती. दुसरीचे तीन पेड हातात धरले आणि ती गप्प झाली. मी ओळखलं. कुशीवर घेतलं, थांबेल म्हटलं, नेहमी थांबतो. थांबला नाही. जरा सैल पडायची आणि परत. परत. ओठ निळे. बाबाने उचलून जिन्यावरून धावत नेलं — लिफ्टवाला माणूस, लिफ्टची वाट बघवेना त्याला.

दवाखान्यात सुयांवर सुया. थांबेना. शेवटी झोपवून टाकली त्यांनी, पूर्ण, मशीनवर. आता मशीन तिचा श्वास घेतं. झटका तिच्या आत अजून चालूच आहे म्हणे, वरून दिसत नाही एवढंच. डोक्याला चिकटवलेल्या वायरींमधून पडद्यावर दिसतो. पडदे शिवण्यात आयुष्य गेलं माझं, असला पडदा कधी बघितला नव्हता.

एक वेणी तशीच आहे. नर्सताईंना म्हटलं, सोडू नका.

१७ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. रिपोर्ट आलाय. पुडीत पाला आहे, आणि पाल्यात झटक्यांचं जुनं औषध कुटून घातलंय. आपलं नेहमीचं, कारखान्यात बनणारं. पहिल्या डब्यात कमी असणार. दुसऱ्यात भरमसाट.

"म्हणजे झटके त्यानेच थांबले होते?" मी विचारलं.

"त्यानेच."

"आणि... वाईट औषध आहे का ते?"

त्यांनी चष्मा काढला. "नाही हो. चांगलं आहे. हिचं पहिलं औषध चाललं नसतं तर कदाचित मी तेच दिलं असतं, हिच्या वजनाला मोजून. पण ते एकदम बंद करायचं नसतं. शरीराला सवय होते, एकदम काढलं की झटके उसळून येतात. म्हणून म्हटलं होतं, बंद करू नका."

बाबा उठला आणि बाहेर गेला.

जिन्यात सापडला. पायरीवर बसलेला, दोन्ही हात समोर धरलेले, जसे ते त्याचे नाहीतच. "मी ओतलं," म्हणाला. "मी ओतलं गं."

आपण ओतलं म्हणायला हवं होतं मी. मी समोर उभी होते, मला पटलं होतं. ओठांपर्यंत आलं. म्हटलं नाही. पाण्याची बाटली त्याच्या शेजारी ठेवली आणि आत आले.

१९ एप्रिल

शेजारच्या खाटेवर एक छोटी आहे, तिलाही झटके. नर्सताई तिच्या नळीतून तेलासारखं काहीतरी देत होती. काय ते, विचारलं. रोपातून काढलेलं औषध, म्हणाली. बाटलीवर सगळं छापलंय — काय आहे, एका थेंबात किती आहे.

मी ती बाटली हातात घेऊन कितीतरी वेळ वाचत बसले. जमिनीतून उगवलेलं हेही होतं. एवढंच तर हवं होतं. कुणीतरी बाहेरून लिहिलेलं की आत काय आहे.

२१ एप्रिल

खारूचे हात चोळते. बोलते तिच्याशी. ऐकू येत असेल म्हणतात. आज चिंध्यांची सगळी नावं म्हणून दाखवली. एक चुकवली मुद्दाम. ती चूक सहन करत नाही, लगेच टोकते.

टोकलं नाही.

२३ एप्रिल

आजोबा आले होते.

मी बाहेरच्या बाकावर होते. लांबून येताना दिसले, भिंतीच्या कडेकडेने, डबा छातीशी धरून. बाबाने त्यांना आधी पाहिलं. मला वाटलं, आता हा मारतो त्यांना. तो उठून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पाठ नुसती हलत होती.

आजोबा माझ्यासमोर उभे राहिले. बसा म्हटलं नाही मी.

"खरं आहे का, बाई? लिफ्टवाल्यांकडून कळलं, मिसळलेलं होतं म्हणे?"

"हो."

"मला माहीत नव्हतं हो. पोरीच्या गळ्याची शपथ! त्या माणसाला फोन लावतोय, लागतच नाही." डब्याचं झाकण परत परत दाबत होते. "मी माझ्या नातीला देतोय ना हेच. रोज. आज सकाळीही दिलं. हा एवढाच डबा राहिलाय, हा तुम्हाला दाखवायला आणला. जाताना नदीत टाकणार आहे. संपलं. आता तिला एक कण नाही देणार."

मी ऐकत होते. लिहायची लाज वाटते पण या पानाशिवाय कुणाला सांगू — माझ्या मनात आलं, जा. टाका. माझं जे झालं ते कळू दे तुम्हालाही.

ते वळले. चपला फरफटत निघाले. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले.

आणि मला ती घंटी आठवली नाही, सायकल आठवली नाही, काही नाही. फक्त दिसली ती पोर, कुणीतरी तिचे केस विंचरत असेल, आणि ती गप्प होईल.

"टाकू नका!" मी ओरडले. नर्सा वळून बघायला लागल्या. मी धावत गेले, डबा धरला त्यांच्या हातातून. "एकदम बंद करू नका! ऐकताय ना? एकदम बंद केलं म्हणूनच हिचं हे झालं!"

त्यांना कळेना. परत परत सांगितलं. हात धरून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं. म्हटलं, यांची नात आहे, तीही हेच घेते, आजच बोलवा तिला. डॉक्टरीणबाईंनी लगेच फोन उचलला.

बाहेर आले तर बाबा दारात उभा. कपाळावर आठ्या, डोळे लाल. "का?" म्हणाला. "का सांगितलंस? ज्याने आपल्या पोरीला..."

"त्यांनी नाही ओतलं," मी म्हटलं. "आपण ओतलं."

 तो तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्या खांद्यात तोंड घालून रडला. एवढा मोठा माणूस. त्याच्या शर्टाला अजून ग्रीसचा वास येत होता, त्या वासाने मला त्या क्षणी उभं ठेवलं.

२५ एप्रिल

आजोबांच्या नातीला दाखल केलं खालच्या मजल्यावर. तिचं औषध मोजून देतायत, हळूहळू कमी करणार. ठीक आहे ती. वर येऊन मला भेटून गेली. पाया पडायला वाकली तर मी धरली तिला.

चांगलं वाटलं का? हो. आणि ती गेल्यावर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. दोन्ही.

२८ एप्रिल

पडद्यावरच्या रेघा शांत झाल्यात. उद्यापासून झोपेचं औषध कमी करणार. डॉक्टरीणबाईंनी खोटी आशा नाही दिली. म्हणाल्या, "जागी होईल असं वाटतंय. पण इतका वेळ मेंदूवर ताण पडलाय. कशी जागी होईल, किती परत येईल, हे मी आत्ता सांगू शकत नाही."

बाबा म्हणाला, "कशीही होऊ दे. डोळे उघडू दे फक्त."

मीही तेच मागितलं. तेवढंच.

२ मे

नळी निघाली. श्वास तिचा तिने घेतला. डोळे मिटलेले. बाबा आणि मी, दोघंही श्वास मोजायचं सोडून नुसते ऐकत बसलो.

३ मे

उघडले! सकाळी, उन्हं आत आल्यावर. छताकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"काकू," मला म्हणाली, अगदी नीट, अगदी गोड, "मला जरा पाणी देता का?"

नर्सताईंनी मान डोलावली. मी चमच्याने दिलं.